डावीकडचा समुद्र

४ ऑक्टोबर

आत्या,

पाया पडतो. आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढे वाच.

पत्र लिहायचं टाळत होतो, हे कबूल. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते वाचून तू शिलाई मशीन थांबवशील आणि 'थापाड्या' म्हणशील, म्हणून खरं तेच सांगतो. वेळ होता, कागद होता, पेनसुद्धा चालत होतं. अडचण वेगळीच होती. 'नोकरी लागली' असं मी तुला याआधीही कळवलंय, आणि दर वेळी तुझं 'छान झालं' माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ती सुटलेली असायची. म्हणून या वेळी म्हटलं, जरा मुरू दे. मुरली. मी अजून तिथेच आहे.

काम काय, तर हिंडायचं. हसू नकोस. उपग्रह आकाशातून ढगांचे फोटो काढतो ते तुला माहीत आहे, तुझ्या फोनमध्ये मीच ते घालून दिलंय. ते चित्र मुळात भलंमोठं, भिंतभर असतं. ते तळहाताएवढ्या काचेवर बसवायचं आणि तरी बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा आमच्या ऑफिसचा उद्योग. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात साहेब, चित्रांना रंग देणारी एक बाई, जिला सगळे रंगवाली म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसणारे दोघं, ज्यांची मला फक्त पाठ ओळखता येते, आणि मी. एका टेबलावर जुनेपाने फोन मांडून ठेवलेत, तडकलेले, घासलेले. साहेब म्हणतात, नव्या फोनवर काहीही छान दिसतं, या म्हाताऱ्यांवर दिसलं तर खरं.

त्यातला एक म्हातारा खिशात घालून मी बाहेर पडतो. भेटेल त्याला चित्र दाखवतो आणि विचारतो, काय दिसतं? उन्हात दिसतं का, चालता चालता कळतं का, चष्म्याशिवाय उमगतं का. मग येऊन सगळं साहेबांना सांगतो. आत्या, माझ्या हिंडण्याबद्दल आजवर मला फक्त बोलणी मिळाली होती. पगार पहिल्यांदाच मिळतोय.

एक न्हावी म्हणाला, दाढीचा फेस सांडलाय. दवाखान्याबाहेर बसलेले एक आजोबा म्हणाले, छातीचा फोटो आहे, कुणाचा आहे रे, बरा दिसत नाही. एका शाळकरी पोरीला मांजर दिसलं, आणि तिने शेपूट दाखवल्यापासून मलाही मांजरच दिसायला लागलं. एका ट्रकवाल्याने 'चल, वाटेत बघतो' म्हणून मला केबिनमध्ये घेतलं. गप्पा अशा रंगल्या की गाव कधी मागे पडलं कळलंच नाही. परत चालत आलो. ते जाऊ दे.

सांगायचं ते हे, की शेवटी सगळे एकच विचारतात, 'यात मी कुठाय?' आणि जमिनीवर बोट फिरवायला लागतात. एकजात सगळे. म्हणून मी साहेबांना म्हटलं, जमीन मोठी करा, बाकीचं कापून टाका. आणि त्यांनी ऐकलं! नवं चित्र परवापासून सगळ्यांच्या फोनवर सुरू झालंय. तुझ्याही. उघडून बघ, आपलं गाव केवढं झालंय. ते माझं काम आहे. किराणावाल्यालाही दाखव.

खोली बरी आहे. खिडकी शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उघडते, त्यामुळे वर जाणारा येणारा प्रत्येक जण मला 'काय, जेवलात का' विचारतो.

तुझी भिंगरी

१२ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

जिवंत आहेस हे वाचून बरं वाटलं. रागावून झालं. सगळा राग एका ताडपत्रीच्या कडेवर निघाला, शिवण तिरकी गेली, आता उसवत बसलेय.

नोकरी टिकली, छान झालं. हे पत्र पोचेपर्यंत टिकव.

चित्र बघितलं. किराणावाल्यालाही दाखवलं. तो 'वा' म्हणाला असावा, ओठ तसे झाले होते. मला ते आवडलेलं नाही. अर्धंच आहे. डावीकडचं सगळं गेलंय. मी बोटाने ओढून पाहिलं, फोन उलटा धरून पाहिला, बंद करून परत उघडला. येत नाही.

आधीचं परत लाव. का म्हणून विचारू नकोस. मला लागतं.

खिडकीतून चौकशी करणाऱ्यांपैकी कुणी कधी ताट घेऊन येतं का, की नुसतं तोंडानेच जेवू घालतात?

आत्या

२१ ऑक्टोबर

आत्या,

पाया पडतो. नोकरी आहे!

तुझं पत्र वाचून मला आधी वाटलं, काच खराब झाली असेल. तुझ्या ताडपत्रीचं ते मेण बोटांना लागतं आणि तीच बोटं तू फोनला लावतेस. कोरड्या फडक्याने पूस, ओल्या नको. मग वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. आमच्या खालच्या चष्मेवाल्याला विचारूनही आलो. त्याने मलाच खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाला तुझे डोळे उत्तम आहेत, लक्षच कुठे नसतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. डावीकडचं म्हणजे समुद्र! तो गेलेला नाही, तो आम्ही काढलाय. मुद्दाम.

असं बघ. चित्र असतं पलंगासारखं आडवं आणि फोन असतो दारासारखा उभा. पलंग दारातून आत कसा न्यायचा? फोन आडवा धरा म्हणावं तर लोक धरत नाहीत. बसमध्ये एका हाताने दांडी पकडलेली असते. बाईच्या कडेवर पोर असतं. एका अंगठ्याने जेवढं होईल तेवढंच लोक करतात, हे मी स्वतः बघितलंय. अख्खं चित्र उभ्या काचेत कोंबलं तर जमीन नखाएवढी होते. म्हणून पलंगच कापला. समुद्रावर नाहीतरी कोण राहतं?

आणि तुला तो का हवाय हेही मला कळलं. पाऊस समुद्रावरून येतो, म्हणजे तुला गिऱ्हाइकांच्या आधी ताडपत्र्या काढून ठेवायच्या असणार. किती ते धंद्याचं डोकं! पण काळजी करू नकोस. ढग जमिनीला टेकले की नव्या चित्रात ते आधीपेक्षा मोठे दिसतील. त्या दिवशी माल दाराशी मांड.

रंगवालीचं सांगायचं राहिलं. उपग्रहाला रंग कळत नाहीत, त्याला नुसतं गार आणि गरम कळतं. रंग ही भरते. मी बाहेरून आलो की ती पहिलं विचारते, 'आज खरा ढग कोणत्या रंगाचा होता?' काल मी म्हटलं, भांडी घासून झाल्यावर पाणी असतं तसा. तिने तो रंग तासभर शोधला. सापडला तेव्हा मला हाक मारून दाखवला. का कोण जाणे, मी परत बाहेर न जाता तिथेच बसून राहिलो.

ताट येत नाही. पण परवा जिन्यातून एक वाटी आली.

तुझी भिंगरी

२९ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

काच स्वच्छ आहे. चष्मा नाकावर आहे. दुकानासाठी नको आहे.

समुद्रावर कोण राहतं, असं विचारलंस. तुझा बाप राहतो.

आता बूड टेकवून वाच.

रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात म्हणे. माझ्यासाठी तो खोका मुका आहे. टीव्हीवरची बाई इतकी भरभर बोलते की ओठ हाती लागत नाहीत, आणि ऐन वेळी ती नकाशाकडे तोंड करते तेव्हा मला तिचे केस दिसतात. कुणाला विचारावं तर लोक माझ्या कानाशी येऊन ओरडतात, सगळ्या गल्लीला कळतं. तू ते चित्र फोनमध्ये घालून दिलंस तेव्हा पहिल्यांदा मला कुणी काही न ओरडता सांगितलं.

दादा प्रत्येक बंदरातून पत्र टाकतो. जहाज कुठून निघणार, कुठे लागणार, एवढं असतं त्यात. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी चित्र उघडायची आणि तो निघालाय त्या बंदरावर बोट ठेवायची. मग रोज जरा जरा डावीकडे. आधी किनाऱ्याला चिकटून, मग अर्धं नख, मग एक नख. बरोबर असायचं की नाही देव जाणे. पण बोटाखाली ढग नसला की दिवसभर हात चांगला चालायचा.

मी त्याला हे कळवलं. वाटलं हसेल. त्याने उलट लिहिलं, 'काल दुपारी तुझ्या बोटाखालून गेलो. गुदगुल्या झाल्या.' आणि मग त्यानेही जहाजावर कुणाकडून तरी तेच चित्र स्वतःच्या फोनवर घेतलं. म्हणतो, कप्तान खवळलेल्या समुद्राची खबर सगळ्यांना देतो, माझ्यासारख्या आचाऱ्याला सोडून. मोठं पातेलं चढवायचं की आज चुलीला हातच लावायचा नाही, हे त्याचं त्याला ठरवावं लागतं. कधीमधी तुझ्या त्या गावालाही त्यांचं जहाज लागतं, तुला पत्ता नसेल.

आता बोट किनाऱ्यापर्यंत जातं आणि काच संपते. पुढे माझ्या दुकानाची फळी. त्या फळीवर मी त्याला कुठे शोधू?

तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही. तेव्हाही पडले नव्हते. तुम्ही एकाच वेळी ओरडत होतात आणि मला नुसती दोन उघडी तोंडं दिसत होती. उघडी असली की दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, एवढंच मला त्यातलं कळलं. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी तो दोन शब्द लिहितो, 'आणि तो?' मी लिहिते, 'बरा आहे, हिंडतोय.' कुठे आहेस ते लिहीत नाही, तूच नको म्हणाला होतास. मग पुढच्या पत्रात पुन्हा, 'आणि तो?'

समुद्र परत लाव.

आत्या

१८ नोव्हेंबर

आत्या,

पाया पडतो. उशीर झाला. या वेळी खरंच काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझं पत्र वाचलं आणि आधी मला माझंच हसू आलं, आणि मग नाही आलं. मी बसस्टॉपवर विचारलं, बाजारात विचारलं, न्हाव्याच्या खुर्चीत विचारलं. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांना विचारत फिरलो की तुम्ही कुठे आहात, आणि ऑफिसात येऊन ऐटीत सांगितलं की समुद्र कुणालाच नको. आमच्या ऑफिसात एवढी डोकी, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळे आपापल्या बसस्टॉपवरूनच ऑफिसला येतात ना.

साहेबांकडे गेलो. ते जेवत होते.

'साहेब, समुद्र परत घ्यायला हवा.'

'कालपर्यंत कापा म्हणत होतास.'

'काल चुकलो.'

'अरे, समुद्र जड असतो,' साहेब म्हणाले. 'तो घेतला की चित्र उघडायला वेळ लागतो. तोवर माणूस कंटाळून दुसरं काहीतरी बघायला लागतो. हेही तूच येऊन सांगितलंयस.'

ते खरं होतं. मग मी तुझं सांगितलं. सगळं नाही, थोडं. साहेब वाईट माणूस नाही. डबा बाजूला ठेवून त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, 'तुझी आत्या जमिनीवरच आहे ना? समुद्रावरच्या माणसाची एक तक्रार आण. एकच. ती मला वरच्या मालकांपुढे ठेवता येईल. आजवर तिकडून एकही आलेली नाही.'

म्हणून मी बंदरावर गेलो. फाटकापर्यंत. तिथे एक माणूस दोरीच्या झोपाळ्यावर बसून एका जहाजाच्या कडेला अक्षरं रंगवत होता. आत्या, काय हात होता त्याचा! पट्टी नाही, खूण नाही, नुसता कुंचला. एक अक्षर झालं की तो पाय लावून झोपाळा पुढे ढकलायचा. मी खाली बसून बघत राहिलो. शेवटचं अक्षर जरा दाटीत आलं, त्याला जागाच पुरली नाही. तेवढ्यात फाटक बंद झालं. मग काय, परत आलो.

ऑफिसात मूळ चित्र असतं, अख्खं, समुद्रासकट. रंगवालीने मला ते मोठ्या पडद्यावर काढून दिलं आणि काही न विचारता चहाला निघून गेली. मी बोट ठेवून बघितलं. कुठे ठेवायचं तेच मला माहीत नव्हतं. बाबा कोणत्या जहाजावर असतात, ते कुठून कुठे जातं, मी कधी विचारलेलंच नाही. त्या निळ्यावर नुसतं बोट फिरवत राहिलो. मला त्यांचा चेहरा आठवेना, पाठ आठवली. पिशवी घेऊन निघालेली.

मी त्यांना म्हणालो होतो, 'वर्षातून एकदा पाहुण्यासारखे येता आणि मालकासारखे रागावता.' ते म्हणाले होते, 'तू तर घरात असून पाहुणा.' तुला नुसती तोंडं दिसली म्हणून आज शब्द कळवतो.

एक करता येईल. अख्खं चित्र छापून पोस्टाने पाठवू का? रंगवाली छापून देते म्हणाली.

तुझी भिंगरी

२५ नोव्हेंबर

भिंगऱ्या,

शिळा समुद्र घेऊन मी काय करू? पोस्टाने येईस्तोवर ढग कुठल्या कुठे गेलेले असतात. तुझ्या त्या रंगवालीला सांग, मनापासून म्हणाली ते पोचलं.

बंदरावर गेलास आणि अक्षरं रंगवणाऱ्याला बघत बसलास. बरं. भीती वाटली असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं, एवढी दोरी, झोपाळा, कुंचला लागले नसते.

दादाचं पत्र यायला हवं होतं, आलेलं नाही. किराणावाल्याने वर्तमानपत्राचा तुकडा आणून दाखवला, समुद्र खवळलेला आहे म्हणे. कुठे, किती, काही नाही. तेवढ्याच जागेत साबणाची जाहिरात मात्र मोठी आहे. काल एक गिऱ्हाईक ट्रकसाठी ताडपत्री न्यायला आलं. मापं सांगत होतं, आणि माझं लक्ष नाही. त्याला वाटलं ऐकू येत नाही. तो ओरडायला लागला. मी त्याला ओरडू दिलं. कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

मी रोज उठून ते तुझं चित्र उघडते. जमीन स्वच्छ. आपल्या गावावर ऊन. तुझ्या गावावर ऊन. काय करायचंय ते ऊन?

शेवटच्या पत्रात त्याने पुढचं बंदर कळवलं होतं. तिथल्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर मी एक पत्र टाकलंय. जहाज लागलं की मिळेल त्याला. लागलं तर.

तुझ्या साहेबाचं जे म्हणणं आहे ते मी बघते. कसं, ते विचारू नकोस. तू फक्त एक कर. पुढचे काही दिवस ऑफिसात बस. हिंडू नकोस. नोकरी सोडायचा विचार डोक्यात आला तर डोकं थंड पाण्याखाली धर.

आत्या

६ डिसेंबर

आत्या,

पाया पडतो. तू बस म्हणालीस म्हणून चार दिवस बसून काढले. खुर्ची टोचायला लागली. साहेबांनाच शेवटी राहवेना, 'अरे जा की बाहेर, आजारी आहेस का?' म्हणाले.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'लागलं तर' असं तू लिहिलंयस. ते वाचलं की मी उठून मोठ्या पडद्यावर समुद्र बघतो. गेले काही दिवस त्यावर एक भला थोरला पांढरा भोवरा होता. रंगवालीने त्याला रंग दिलेलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, 'तू बघत असतोस म्हणून नाही दिला. लाल केला असता तर तुला नको वाटलं असतं.' कालपासून तो विरायला लागलाय. हे तुला सांगायला हवं होतं आणि सांगायची सोय नव्हती, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू कधी उघडत नाहीस. तुझ्या हातातल्या फोनवर तो भोवरा कधी आलाच नाही. जमिनीच्या अलीकडेच संपला. तुझ्या चित्रात कायम ऊन. मीच लावलेलं.

आणि मला इथे बसवत नाही. तू थंड पाणी सांगितलंस, ते करून झालं, सर्दी झाली. लोकांना 'काय दिसतं' विचारायला तोंड होत नाही. काल त्या शाळकरी पोरीने आपणहून हात केला, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. उत्तरेकडे डोंगरात दोरीवरच्या पाळण्यांचं काम निघालंय, तिथे माणसं हवीत. मी पिशवी भरली आहे. ती आत्ता माझ्या पायाशी, टेबलाखाली आहे. साहेबांना सांगायचंय, ते फोनवर आहेत, म्हणून तेवढ्यात तुला लिहायला बसलो. रागावू नकोस. समुद्र मला परत आणता आला नाही, आणि तो नसलेलं चित्र रोज लोकांच्या हातात द्यायला

थांब. खाली दुकानात कुणीतरी भांडतंय. आमचे ते दोघेसुद्धा मान वर करून ऐकतायत. चष्मेवाला म्हणतोय, 'काका, बसा, आधी नंबर तपासू.'

'माझे डोळे ठीक आहेत. समुद्र कुठे ठेवलात ते सांगा.'

'अहो, आम्ही चष्मे विकतो! चित्रवाले वर!'

'मग आधी त्या वरच्यांना एकेक चष्मा द्या.'

रंगवाली फस्सकन हसली. मला हसता आलं नाही. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाकून बघितलं आणि तसाच मागे आलो. आता तुला लिहितोय, कारण दुसरं काय करावं ते कळत नाही. जिना एकच आहे. ते एका हाताने भिंत धरून चढतायत, जमीन हलत असल्यासारखे. मध्ये थांबले. पूर्वी थांबत नसत. पुन्हा निघाले.

हे पुढचं नंतर लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

ते दारात आले तेव्हा उन्हातून आलेले, त्यांना आतलं कुणी नीट दिसत नव्हतं. फोन समोर धरून सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले, 'इथे मोठा कोण आहे? माझ्या बहिणीने पत्र टाकलंय. म्हणते, या पत्त्यावर जा आणि तोंडी सांग, लिहून दिलेलं हे लोक ऐकत नाहीत. परवा आमचं अख्खं पातेलं उलटलं. एवढा वारा उठणार हे मला कसं कळायचं? किनारा सुटला की तुमचं चित्र बंद! सगळं जहाज दोन दिवस बिस्किटांवर होतं. आणि शिव्या कुणाला? मला!'

साहेब धावत बाहेर आले. समुद्रावरची तक्रार! त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाले, 'बसा, बसा. आमचा माणूस सगळं नीट ऐकून घेईल.' आणि मला दंडाला धरून पुढे केलं.

रोज लोकांना दाखवायला फोन घेतो तसा त्यांचा फोन मी तळहातावर घेतला आणि नुसता पुढे धरला. त्यांनी वर बघितलंच नाही. चित्रात गुंतले होते. बोट ठेवलं इथल्या बंदरावर. नखात कांद्याचा वास होता, तोच. बोट डावीकडे सरकलं. काच संपली. ते थांबले नाहीत. फोनची कड ओलांडून बोट माझ्या तळव्यावर आलं, तिथून मनगटावर, आणि तिथे त्यांनी ते टेकवलं.

'इथे,' म्हणाले. 'इथे होतो आम्ही. वारा इथे उठला. आता दाखव, इथला ढग कुठाय?'

मग मान वर केली.

बोट तिथेच राहिलं. म्हणाले, 'वाळलायस. काय खातोस इथे?'

साहेब विचारतायत, तक्रार कुणाच्या नावाने लिहायची. आत्या, बाबा आलेत.